द्वारकाबाईचं दही

आपण पुढे पाठवलेली एखादी बातमी खोटी होती, हे उशिरा कळलं तर तुम्ही काय करता? खरी बातमी पाठवून मोकळे होता ना?

एकदा एका गावात दिगंबर नावाचा एक तरुण होता. मनाने सरळ, स्वभावाने उपकारी. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यानेच सुरू केला होता. पाणी कधी सुटणार, डॉक्टर कोणत्या दिवशी बसणार, कुणाची शेळी हरवली, हे सगळं तो त्यावर कळवी. लहानपणी ज्यांनी त्याला शिकवलं, त्या वृद्ध गुरुजींकडे तो अजूनही दर रविवारी जाऊन बसे.

एके दिवशी त्याच्या फोनवर एक व्हिडिओ आला. एक माणूस मोठ्या पातेल्यात काहीतरी पांढरंशुभ्र ढवळत होता आणि त्यात वरून पूड टाकत होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'बघा, चौकातल्या दहीवालीकडे काय चालतं.' चौकात दही विकणारी एकच, द्वारकाबाई. नवरा गेल्यावर दोन म्हशींच्या जिवावर तिने संसार ओढला होता. दिगंबरच्या घरी दही यायचं तेही तिच्याकडूनच. हे खरं असेल का, अशी त्याला शंका आली. पण लहान मुलांच्या पोटाचा प्रश्न आहे, कळवलेलं बरं, असं म्हणून त्याने व्हिडिओ ग्रुपवर टाकला. वर नेहमीप्रमाणे लिहिलं, 'जसे आले तसे पाठवले आहे. खात्री करून घ्यावी.' एवढं लिहिलं की आपली जबाबदारी संपते, असं त्याला वाटे. आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं.

खात्री कुणीच केली नाही. व्हिडिओ शेजारच्या गावांतही पोचला. द्वारकाबाईची मडकी भरलेलीच परत जाऊ लागली. ती घरोघर फिरली, माझ्या गोठ्यात येऊन बघा म्हणाली. कुणी तिच्या तोंडावर दार लावलं नाही. बायका गोड बोलल्या. सध्या आमच्याकडे कुणी दही खात नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. खपच नाही तर म्हशींना पेंड कुठून घालायची, हे तिला कळेना.

शेवटी दिगंबरच बेचैन झाला. त्याने तो व्हिडिओ नीट पाहिला. मागच्या भिंतीवरची अक्षरं मराठी नव्हती. शोधता शोधता त्याला मूळ व्हिडिओ सापडला. परराज्यातल्या एका रंगाऱ्याने आपलं काम दाखवण्यासाठी तो टाकला होता. पातेल्यात दूध नव्हतंच. भिंतीला लावायचा चुना होता.

दिगंबरने हे सगळं पुराव्यासकट ग्रुपवर लिहिलं, क्षमाही मागितली. त्यावर दोघांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. एकाने लिहिलं, 'बरं झालं सांगितलंस. पण काहीतरी असेलच की रे.' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

रविवारी तो आपल्या लहान मुलीला, रेवाला, घेऊन गुरुजींकडे गेला. घडलेलं सारं सांगितलं आणि म्हणाला की मी माझं कर्तव्य केलं, आता लोकांचं लोकांनी बघावं. गुरुजी उठून आत गेले आणि दोन वाट्या दही घेऊन आले.

"द्वारकाबाईचं आहे. आज सकाळीच आणलं. घे."

दिगंबर क्षणभर थबकला, पण लाजेकाजेने त्याने दोन घास खाल्ले. दुसरी वाटी गुरुजींनी रेवापुढे ठेवली. तिने हात पुढे केला, आणि दिगंबरने वाटी चटकन बाजूला ओढली. आपण काय केलं हे त्याला नंतर कळलं.

"तिला जरा सर्दी आहे गुरुजी," तो म्हणाला.

"नाहीये," रेवा म्हणाली.

कुणी हसलं नाही. गुरुजी शांतपणे बोलू लागले.

"दिगंबर, शोध तू लावलास. पुरावा तुझ्या खिशातल्या फोनमध्ये आहे. तरी तुझा हात आडवा आला. मग ज्यांनी तुझे चार शब्द जाता जाता वाचले, ते आपल्या पोरांच्या ताटात हे दही वाढतील, असं कसं मानतोस? खोटं गेलं ते लोकांच्या भीतीत जाऊन बसलं. खरं गेलं ते नुसतं त्यांच्या फोनमध्ये. जसं आलं तसं पाठवलं म्हणतोस. अरे, आलं तसं आपण पाणीसुद्धा पीत नाही, गाळून घेतो. तपासायचं ते पाठवण्याआधी. नंतर करतात तो पंचनामा."

दिगंबरचा चेहरा उतरला. "मग आता मी काय करू?"

"उद्या सकाळी लेकीला घेऊन चौकात जा. चारचौघांच्या देखत तिला द्वारकाबाईच्या हातचं दही भरव. तुझं लिहिलेलं कुणी वाचणार नाही, पण तुझ्या मुलीकडे बघतील. तेवढ्याने सगळं सावरेल, असं मात्र मी म्हणत नाही."

दिगंबरने वाटी पुन्हा रेवापुढे सरकवली. ती आनंदाने खाऊ लागली. तिचा प्रत्येक घास गिळून होईपर्यंत आपण श्वास रोखून धरतो आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं. गावात आज घराघरांत काय चाललं असेल, ते त्याला कुणी सांगायची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रेवाला घेऊन चौकात गेला, तेव्हा द्वारकाबाईची जागा रिकामी होती आणि तिच्या दोन्ही म्हशी घेऊन व्यापाऱ्याचा टेम्पो बाजाराच्या रस्त्याला लागला होता.