काहूनपाळ

वैनगंगेच्या खोऱ्यात, हिरडाळी गावाच्या वरच्या अंगाला जो तलाव आहे, त्याच्या मातीच्या बांधाला गावकरी काहूनपाळ म्हणतात. इकडच्या बोलीत 'काहून' म्हणजे 'का'. पोराला पहिल्यांदा शाळेत घालताना त्याच्या पाटीवर इथे श्री काढत नाहीत. हाच शब्द गिरवून घेतात. त्यामागची हकिकत जुनी माणसे पाळीवर बसूनच सांगतात.

फार मागे हिरडाळीत डोमाजी नावाचा पाटील होता. माणूस सरळ, पण भारी संशयी. त्याच्या लहानपणी म्हणे एक परका आठ दिवस देवळात उतरला, तलावाच्या काठाने हिंडला, आणि तो गेल्यावर महिन्याच्या आत लुटारूंनी पाळ फोडून गाव बुडवले. तेव्हापासून अनोळखी माणूस पाळीवर दिसला की डोमाजी हातचे काम टाकून त्याच्या मागे जाई.

तरी पोरांना चार अक्षरे यावीत म्हणून त्यानेच नारोपंत नावाचे पंतोजी गावात आणले. त्याची मुलगी कौतिकाही हट्टाने शाळेत जाऊन बसू लागली. पण ही शाळा देवळात कमी आणि पाळीवरच जास्त भरे. पंतोजींनी खुणा कोरलेला बांबू पाण्यात रोवला. पोरांकडून दोरीने पाळ मोजवली. मोहाच्या झाडाआड उभा राहून डोमाजी हे सारे पाही.

"आज काय शिकवलं?" संध्याकाळी तो लेकीला विचारी.

"शिकवलं नाही, इचारलं. पाऊस नाही, उपसा नाही, तं पाणी एवढं काहून उतरलं?"

"मंग तू काय सांगितलं?"

"मले नाही मालूम म्हटलं. ते म्हणाले, बरं झालं."

डोमाजीला ते 'बरं झालं' खटकले. जो सांगत काहीच नाही, नुसते विचारून घेतो, तो पंतोजी कशाचा? तो हेर. पुढे डोमाजीने भाकरीही पाळीवरच मागवायला सुरुवात केली. पंतोजी कोणाला भेटतात, कोणाला निरोप धाडतात, यावर तो वर्षभर डोळा ठेवून होता. काही सापडेना, आणि सापडेना म्हणूनच त्याचा संशय वाढत गेला, असे सांगतात.

मृग जवळ आला. एका दुपारी पंतोजी पाळीच्या उत्तर टोकाला, पायथ्याची माती हाताने उकरताना दिसले. डोमाजीने त्यांना दंडाला धरून चावडीवर आणले. गाव जमले.

"हा पाळ फोडून राहिला होता," डोमाजी म्हणाला.

"पाळ पाझरते आहे," पंतोजी म्हणाले. "उत्तरेच्या पायथ्याशी पाणी येते. पावसाआधी तिथे खोदून नवी माती ठोकली नाही, तर भरला तलाव गावावर येईल."

लोक घाबरले. काहीजण कुदळी आणायला उठलेही. तेव्हा कौतिका म्हणाली, "उत्तरेलेच काहून, गुरुजी?"

पंतोजींनी तिच्याकडे पाहिले. "तुला काय दिसले ते दाखव."

ती दोन गडू घेऊन गेली. एक उत्तरेच्या पाझराशी भरला, दुसरा दक्षिणेला पळसाखाली, जिथे जमिनीतून नुकते पाणी झिरपू लागले होते. दोन्ही चावडीवर ठेवले. घटकाभराने पाहिले, तर उत्तरेचे पाणी निर्मळ आणि दक्षिणेच्या गडूच्या तळाशी बोटभर गाळ.

"उत्तरेचा झरा आहे," ती म्हणाली. "दक्षिणेचं पाणी पाळीची माती घेऊन येते."

डोमाजीला वाटले, हेही यानेच पढवले असेल. तो स्वतः उठला, घरचे गडू घेतले, कोणालाही जवळ येऊ दिले नाही. दोन्हीकडचे पाणी आपल्या हाताने भरले आणि समोर बसून राहिला. गाळ तसाच बसला. त्याने तो चिमटीत चोळला. पाळ फुटल्यावर त्याच्या बापाने डोक्यावरून वाहिलेली पिवळी माती होती ती.

"मी चुकलो," पंतोजी सर्वांसमोर म्हणाले. "माझे ऐकून उत्तरेला खोदले असते, तर धड पाळ खिळखिळी झाली असती."

लबाड माणूस उघडा पडला की कसा दिसतो, हे डोमाजीला ठाऊक होते. पंतोजी तसे दिसत नव्हते. कौतिका बोलत होती तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता, तो अजून तसाच होता.

"वर्षभर मी तुमच्यावर नजर ठेवली," डोमाजी म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

"ठाऊक आहे, पाटील. पाण्यावर मात्र आजच ठेवलीत."

दक्षिणेला खोदले तर आत माणूस बसेल एवढी पोकळी निघाली. गावाने आठ दिवस माती ठोकली. नवव्या दिवशी पाऊस लागला, तलाव काठोकाठ भरला आणि पाळ तगली. त्या वर्षी डोमाजीने ग्रामदेवीसमोर बोलून ठेवले, की या गावात पोरांना शिकवणाऱ्यावर पाटलाने पाळत ठेवायची नाही. त्याला तपासायचे काम पोरांचे.

आजही हिरडाळीत नवा मास्तर आला की मुले त्याला पाळीवर नेतात आणि एकामागून एक प्रश्न विचारत राहतात. कधीतरी तो थांबतो आणि म्हणतो, "हे मला ठाऊक नाही, चला पाहू." तेव्हाच त्याला गावाच्या पंगतीत पान मिळते. ज्याला सगळेच ठाऊक असते, त्याच्याकडे हिरडाळीचे लोक फार दिवस संशयाने बघतात.