येसू लोहारणीची पाती

खाडीवर पूल झाला नव्हता, पैलतीरी जायला होडीचाच आधार होता, त्या काळातलं हे आहे. कांदळवेळ गाव खाडीच्या अगदी तोंडाशी. तिथलं खारं वारं लोखंड खातं. सकाळी घासलेला कोयता संध्याकाळी तांबूस दिसे. गावात धर्माजी लोहार होता. त्याच्या घणाचा आवाज पैलतीरावरची माणसंसुद्धा ओळखत, असं म्हणतात. त्याच्या भात्यावर त्याच्या धाकट्या भावाची बायको येसू बसे. भाऊ तापानं गेला होता.

भाऊ जाण्याआधी येसूला एक मुलगा झाला होता. सुईणीनं त्याची नाळ घरच्या गंजक्या विळ्यानं कापली. चार दिवस मूल छान प्यायलं. मग त्याचा जबडा मिटला, अंग धनुष्यासारखं ताणलं आणि ते गेलं. गावात अशी कितीतरी मुलं जात. बायका म्हणत, "सटवाईनं नेलं."

येसू म्हणे, "सटवाई कशाला नेईल? गंजानं नेलं."

तिचं कुणी मनावर घेतलं नाही.

मग एका वादळात कुठल्याशा लांबच्या मुलखाचं गलबत खडकावर फुटलं. पुढे बऱ्याच दिवसांनी ओहोटीच्या चिखलात कोळ्यांना त्यातली एक जाड कांब सापडली. तिच्यावर कालवं चिकटली होती, पण कालवं खरवडली तर खाली धातू चांदीसारखा लखलखीत. गंजाचा ठिपका नाही. कोळ्यांनी ती धर्माजीकडे आणली. धर्माजीनं तापवली, घण मारला, तर घणच उसळून परत आला. अजून तापवली, तर टवका उडाला. पाण्यात बुडवून पाणी पाजलं, तर कडेला तडा गेला.

"हे लोखंड नव्हे, कुणाचा तरी शाप आहे," असं म्हणून त्यानं कांब मागच्या अंगणात भिरकावली.

येसूनं ती उचलली.

दुपारी धर्माजी जेवून आडवा झाला की ती भट्टी पेटती ठेवी. तिनं त्या धातूवर जबरदस्ती केली नाही. तो हळू तापे, तर ती थांबे. तो थोडाच वेळ मऊ राही, तर तेवढ्यातच चार घाव घाली आणि पुन्हा भट्टीत सरकवी. शेवटी तिनं त्याला पाणी पाजलंच नाही. उंडीच्या बियांच्या तेलात बुडवलं, आणि मग निवत्या राखेत ठेवून पुन्हा जरा ऊब दिली. तळहाताएवढी पाती झाली. धार लावताना दगड झिजून खोलगट झाला, इतकी ती कठीण. पण एकदा धार बसली ती उतरेना. येसूनं पाती खाऱ्या पाण्याच्या मडक्यात टाकली आणि पावसाळाभर तशीच ठेवली. काढली तेव्हा तिच्यात तोंड दिसलं.

ती पाती तिनं भागाबाई सुईणीला दिली. सांगितलं, "उकळत्या पाण्यातून काढायची आणि हिनंच नाळ कापायची. काम झालं की माझ्याकडे आणून द्यायची. आणि वाकवायची नाही हो. कठीण आहे ती, वाकत नाही, मोडते."

त्या वर्षी कांदळवेळीत जन्मलेलं एकही मूल गेलं नाही.

आता धर्माजीचं ऐका. आधी त्यानं हसण्यावारी नेलं. मग कोळणी मासे कापायच्या सुऱ्या येसूकडे मागू लागल्या. न्हावी वस्तऱ्यासाठी आला. पैलतीरावरून माणसं येत, धर्माजीच्या दारावरून पुढे जात आणि विचारत, "येसूबाई कुठं बसतात?" तिनं ती कांब कुठून विकत आणली असती, तर धर्माजीला इतकं लागलं नसतं. ती त्यानं टाकलेली होती. त्याच्या हातात आली होती, आणि त्याच्या हाताला ती कळली नव्हती. तो बायकोला म्हणे, "भात्यावरची बाई! माझ्याच निखाऱ्यावर शिकली." बायको चूल फुंकत राही. तिचं ते फुंकणंही त्याला झोंबे.

एका दुपारी येसू विहिरीवर गेली असताना तो तिच्या पडवीत शिरला. पाती कोनाड्यात होती. त्यानं ती दाराच्या चौकटीच्या फटीत घातली आणि सगळं बळ लावून दाबली. पाती वाकली नाही. कट्ट असा आवाज झाला, तिचे दोन तुकडे झाले आणि धारेचे टवके उडाले. त्याला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. तो घरी आला, तर दारातच बायको उभी. त्यांची लेक सगुणा पहिलटकरीण, माहेरी आलेली. तिच्या कळा सुरू झाल्या होत्या.

"येसूची पाती आणा," भागाबाई आतून ओरडली. "लवकर!"

धर्माजी परत गेला. येसू विहिरीवरून आली होती. ते दोन तुकडे मांडीवर घेऊन बसली होती.

"येसू, पाती..."

"पाती मोडली, भावोजी."

"मीच मोडली."

"ठाऊक आहे. तिला मोडायचं बळ गावात दुसऱ्या कुणाच्या मनगटात आहे?"

"सगुणाला कळा सुरू झाल्यात," धर्माजी म्हणाला. "आता माझ्या लेकीचं काय होईल गं?"

येसूनं लांबटसा तुकडा उचलून दगडावर धरला. "बघत काय बसलात? पाणी घाला."

आणि घणाचा धनी धर्माजी तांब्या घेऊन भावजयीच्या दगडावर पाणी घालू लागला. त्या धातूला धार लागायला एरवी कितीतरी दिवस लागत. त्या संध्याकाळी सूर्य खाडीच्या रेषेवर टेकून थांबला, धार बसेपर्यंत बुडाला नाही, असं म्हणतात. नातू झाला. तो जगला आणि म्हातारा होऊन गेला.

धर्माजीचा हेवा मात्र गेला नाही. जुनी माणसं हे लपवत नाहीत. येसूनं त्याला एकच गोष्ट सांगितली, "मोडली तुम्ही, तर आता घरोघर न्यायचीही तुम्ही." तो मरेपर्यंत ती पाती बाळंतिणीच्या दारी नेत राहिला. प्रत्येक दारात बायका म्हणत, "आली, येसूची पाती आली!" आणि प्रत्येक दारात तो जळे. पण पाती जपून नेई, पदराखाली दिवा न्यावा तशी.

आता बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. तरी कांदळवेळीत बाळाची पाचवी पुजताना पाटावर न गंजलेली पाती ठेवतात आणि येसूचं नाव घेतात. ती घरच्या कुणी ठेवायची नसते. त्या घराचं बरं झालेलं ज्याला सगळ्यात जास्त खुपतं, त्याला बोलावणं धाडून त्याच्या हातानं ठेवून घेतात. बोलावणं आलं की माणूस भडकतो, "मला कशाला? मी काय कुणावर जळतो?" मग टोपी घालतो, जातो, पाती ठेवतो, बाळाकडे बघतो आणि चहा पिऊन परत येतो. आणि शेजारचा दिवसभर दारात बसून राहतो, आपल्याला का नाही बोलावलं म्हणून.