लाउटरवेरच्या तटाचा वळसा

जरा इथं थांबा. फोटो मागाहून काढा, तट कुठं पळून जात नाही. जर्मनीतल्या या आमच्या लाउटरवेर गावाचा तट बुरुजापासून बुरुजापर्यंत दोरी लावल्यासारखा सरळ जातो. फक्त इथं, उत्तरेच्या वेशीजवळ, तो एका बसक्या घराला वळसा घालतो. पाहुणे हमखास विचारतात, खाली खडक लागला होता का? खडकबिडक काही नव्हता. एक म्हातारी होती.

सहाशे वर्षं झाली असतील. लढायांचे दिवस, म्हणून गावाने दगडी तट बांधायला काढला. पाववाले, विणकर, चांभार, प्रत्येक धंद्याची आपली पंचायत असे. तटाची रेघ दोरीने आखताना ज्याची त्याची माणसं हजर राहून आपापली घरं आत घेत होती. वालबुर्गा सुईणीची कसली पंचायत? तिच्या बाजूने कोणी उभंच नव्हतं. तिचं घर चाळीस पावलं बाहेर राहिलं आणि कोणाच्या ध्यानातही आलं नाही, असं सांगतात. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं! मला अजून याचा राग येतो.

मुख्य गवंडी ऊलरिश. हाडाचा कसबी, तितकाच मानी. काम सुरू करताना त्याने भर चौकात शपथ घेतली होती म्हणे, की माझी रेघ वाकेल त्या दिवशी मी थापी खाली ठेवीन.

वालबुर्गा एकदा त्याच्याकडे आली. म्हणाली, "घर आत घे म्हणत नाही, बाबा. भिंतीत हातभर फट तेवढी ठेव. कोणी अडली तर मला हाक ऐकू यायला हवी."

"फट शत्रूलाही सापडेल, आजी," ऊलरिश म्हणाला. ती परत गेली.

उत्तरेकडच्या बाजूचा तट होत आला. तिच्या घरासमोर घराच्या रुंदीएवढी खिंड उरली होती, ती दुसऱ्या दिवसापासून बुजवायची होती. त्याच दिवशी सूर्य मावळला, वेस लागली आणि ऊलरिशच्या मुलीला, अग्नेसला, कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. पहारेकरी वेस उघडेनात. ऊलरिश त्या खिंडीतून धावला आणि म्हातारीला पाठुंगळी घेऊन त्याच वाटेने आत आला. मायलेकरं दोन्ही वाचली.

सकाळी गवंडी चुना कालवून तयार होते. ऊलरिशने खुंट्या स्वतः उपटल्या, दोरी वालबुर्गाच्या घरामागून फिरवून बांधली आणि सगळ्यांदेखत थापी आपल्या जोडीदाराच्या हातात दिली. लोक म्हणाले, शपथ आता कोणाला आठवतेय?

"मला आठवते," तो म्हणाला.

पण तो घरी बसला नाही. बाकीच्या तिन्ही बाजूंचा तट पुरा होईपर्यंत अकरा वर्षं त्याने आपल्याच माणसांच्या हाताखाली चुन्याची घमेली वाहिली. त्याला हुकूम सोडताना त्यांची जीभ अडखळायची, असं म्हणतात.

आजही इथं कोणी गवंडी उस्ताद झाला की पहिल्या दिवशी त्याला थापी देत नाहीत. दिवसभर तो इतरांना चुना वाहून देतो. काम सुटल्यावर त्याला विचारतात, "दोरीबाहेर कोणी राहिलं का?" तिथल्या तिथे उत्तर दिलेलं चालत नाही. गावाभोवती पायी फिरून, स्वतःच्या डोळ्यांनी बघून तो परत येतो, तेव्हाच थापी त्याच्या हाती येते.