खारीसाठी दिलेला दिवस

शिडांची गलबतं वाऱ्याच्या भरवशावर बेटाबेटांना जायची, त्या दिवसांतली ही गोष्ट. एका छोट्याशा गलबतावर शेवंती नावाची मुलगी, तिचे बाबा आणि खारी नावाची मांजर राहायची. जमिनीवर त्यांचं घर असं नव्हतंच. बेटांवर नारळ, मीठ, मडकी पोचवायची आणि मिळेल त्यात पोट भरायचं. शेवंतीच्या परकराला चार रंगांची ठिगळं होती. तिची आई तापाने गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून बाबांनी आईचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

खारी मात्र गलबताची राणी! दोरांच्या वेटोळ्यात झोपायची, उंदरांना तांदळाजवळ फिरकू द्यायची नाही. बेट जवळ आलं की सरसर डोलकाठीवर चढायची. आधी तिचं ‘म्याँव’ ऐकू यायचं, मग बाबांना किनारा दिसायचा. शंखबेटावर एका खेकड्याने तिच्या नाकाला चिमटा काढला होता. पोपटबेटावर पोपटांनी असा गलका केला, की ती बिचारी मडक्यातच जाऊन बसली. किती मजेचे दिवस होते ते!

पण त्या वर्षी खारीच्या हिरव्यागार डोळ्यांवर पांढुरकं धुकं आलं. तिला दिसेनासं झालं. एकदा ती काठावरून थेट पाण्यात पडली. बाबांनी उडी मारून तिला वर काढलं.

“शेवंते,” ते निथळत म्हणाले, “पुढच्या बेटावर कुणाच्या तरी घरी हिला ठेवू या. आंधळ्या जिवाचं इथं काही खरं नाही गं.”

शेवंती नुसती खारीला घट्ट धरून बसली.

पुढचं बेट आलं. बाबा खारीसाठी घर शोधायला गेले. शेवंती तिला कडेवर घेऊन फिरत फिरत एका रानबागेत शिरली. तिथे चाफ्याचं एक इवलंसं रोप मान टाकून उभं होतं. आसपासचं पाणी सगळं खारट. शेवंतीजवळ दिवसभराचं गोडं पाणी एका तांब्यात होतं. तिने अर्धं खारीला पाजलं, अर्धं रोपाला घातलं. तिच्यासाठी घोटभरही उरलं नाही.

तेवढ्यात रोपाला सोनेरी कळी आली. ती अलगद उमलली आणि आतून बोटाएवढी परी बाहेर आली. तिचे पंख जांभळे, झिलमिलते.

“बाळ, एक वर माग,” परी म्हणाली. “पण स्वतःसाठी मागायचं नाही. आणि बदल्यात तुझ्या आठवणीतला सगळ्यात लाडका दिवस मला द्यायचा. तो परत मिळणार नाही हं.”

शेवंतीचा लाडका दिवस एकच होता. त्या दिवशी आईला नारळांच्या ढिगात भिजलेलं मांजराचं पिल्लू सापडलं होतं, तीच ही खारी. आई बोट दुधात बुडवून त्याला चाटवत होती आणि खळखळून हसत होती. आईचं ते हसू शेवंतीने शेवटचं एकदा मनात ऐकलं.

“घे,” ती रडत म्हणाली. “माझ्या खारीला दिसू दे.”

परीने खारीच्या पापण्यांवर फुंकर घातली. धुकं विरलं. खारीने शेवंतीकडे टुकूटुकू पाहिलं आणि तिचे गाल चाटले. पण ही मांजर आपल्याकडे आली कशी, हे शेवंतीला काही केल्या आठवेना.

“दिलेला दिवस मला परत देता येत नाही,” परी हळूच म्हणाली. “पण तो दिवस एकट्या तुझा नव्हता. बाबांना विचार.” एवढं बोलून ती सोनेरी उजेड होऊन पानापानांत मिसळून गेली.

शेवंती खारीला घेऊन किनाऱ्याकडे धावली. बाबा तिथे परतले होते. खारीचे डोळे पाहून बाबा चकित झाले.

“बाबा, खारी आपल्याला कुठे सापडली हो?”

बाबा वाळूत बसले आणि दोघींना त्यांनी जवळ ओढलं.

“तुझ्या आईला सापडली ती,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, तरी ते हसत होते. “सांगतो. सगळं सांगतो.”