भोळ्या गेनूची खेळणी

एका गावात एक भोळा बाप होता. त्याचं नाव गेनू. त्याला कुणी जे सांगेल ते तो तसंच्या तसं करायचा. त्यात एका शब्दाची काटछाट नाही की आपल्या पदरची भर नाही. त्याची बायको हौसा शहाणी होती, आणि त्यांची लेक ठकू अजून चालायला शिकत होती. चार पावलं टाकायची, बदकन बसायची आणि टाळ्या वाजवायची.

कांद्याच्या खुरपणीचे दिवस आले. खुरपणीला बायकाच लागतात, त्यामुळे हौसा रानात जाणार आणि पोरीला गेनू सांभाळणार असं ठरलं. हे कळल्यावर हौसाची आई, सरूबाई, एसटी पकडून तातडीनं आली. तिनं जावयाकडे एकदा नीट बघितलं.

"जावईबापू, पोर सांभाळणं म्हणजे म्हैस राखणं नव्हे," ती म्हणाली. "मी बाजाराच्या दिवशी परत येईन. पोर हसत-खेळत दिसली तर ठीक. रडताना दिसली तर उचलून माझ्या घरी नेईन. खुरपणी संपली की आणून सोडीन."

त्या दिवशी गेनूनं भाकरीला हात लावला नाही. ठकूशिवाय घर म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. तेवढं त्याचं त्याला कळलं.

तो हौसाला म्हणाला, "तू सांगशील ते करतो. पण पोर रडता कामा नये."

"सोपं आहे," हौसा म्हणाली. "तिला कणकेचा हत्ती करून द्या. खूश होईल." आणि ती खुरपं घेऊन रानात गेली.

गेनूनं हत्ती पाहिला होता. एकदा गावातून गेला होता. चांगला छपराला लागेल एवढा होता. गेनूनं पिठाचा डबा अंगणात आणला. डबा संपला. मग शेजारून पीठ आणलं. ते संपलं. मग गिरणीत दळून ठेवलेलं आणलं. संध्याकाळी हौसा आली तर अंगणात कणकेचा एक जाडजूड खांब उभा, त्याला टेकून ठकू झोपलेली, आणि गेनू कोपरापर्यंत पिठात.

"हे काय आहे?"

"हत्ती. एक पाय झालाय. उरलेल्या हत्तीला पीठ कमी पडलं."

हौसा मटकन खाली बसली. "अहो, हत्तीएवढा हत्ती असतो का कधी?"

"हत्ती हत्तीएवढाच असतो," गेनू म्हणाला.

"खेळण्यातला नसतो! खेळणं कसं, मुठीत मावेल एवढं करायचं."

"अस्सं होय! मग आधी सांगायचं नाही का?" गेनू म्हणाला. आणि त्यानं ते पक्कं डोक्यात बसवलं.

दुसऱ्या दिवशी हौसानं वाण्याकडून पुठ्ठ्याचं एक चांगलं मोठं खोकं आणून ठेवलं. "आज याची गाडी करा. ठकूला गाडीत बसायला फार आवडतं."

गेनूनं खोकं मुठीत घेऊन बघितलं. मावेना. मग त्यानं ते कापलं. तरी मावेना. आणखी कापलं. कापता कापता काडेपेटीएवढं झालं तेव्हा कुठे मुठीत मावलं. त्याला त्यानं शर्टाच्या बटणांची चाकं लावली. गाडी झाली मोठी सुबक. मग त्यानं ठकूला तिच्यात बसवायला घेतलं. ठकूच्या पायाचा अंगठा तेवढा गाडीत बसला. बाकीची ठकू बाहेर राहिली.

हौसा परत आली तेव्हा गेनू अंगठ्याची गाडी ओढत होता आणि ठकू बसल्या बसल्या घसरत मागून येत होती.

"अहो, असली कसली गाडी? पोर आत नको का बसायला? पोरीच्या मापाचं करायचं, तिला आत बसवायचं, पुढं दोरी बांधायची आणि गावभर ओढायचं!"

"अस्सं होय! मग आधी सांगायचं नाही का?"

पुढच्या दिवशी हौसा म्हणाली, "गाडीबिडी राहू द्या. साधी कागदाची होडी करा. कागद तर येतो ना दुमडता?"

येत होता. गेनूनं ग्रामपंचायतीतून रद्दीचा गठ्ठा आणला, खळीनं सगळे पेपर एकमेकांना चिकटवले आणि अंगणभर होडी केली. ठकूला आत बसवलं, पुढं दोरी बांधली आणि निघाला. होडी मोठी ऐटीत निघाली. ठकू आतून टाळ्या वाजवत होती. लोक दारात येऊन बघत होते. गेनूची छाती फुगली. त्यानं मागं वळून बघितलं नाही, कारण मागं वळून बघायला हौसानं सांगितलं नव्हतं.

देवळाजवळ खडी टाकली होती. तिथं होडीचा तळ फाटला. ठकू खाली राहिली आणि होडी पुढं गेली. गेनूला एवढंच वाटलं की होडी आता छान हलकी चालते आहे. त्यानं गावाला पुरा फेरा घातला आणि घरी येऊन म्हणाला, "उतर बाई, आली तुझी होडी."

आत कुणी नव्हतं.

गेनूनं तिथंच हंबरडा फोडला. तो रडत रडत मागं धावला. तर ठकू देवळाच्या पायरीवर गुरवाच्या मांडीवर बसून नैवेद्याचं केळं खात होती. तिनं बापाकडे बघितलं आणि आपलं अर्धं केळं पुढं केलं.

हौसाला हे गुरवाकडूनच कळलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "होडी रस्त्यावर ओढतात का? कागदाचं काही केलं की ते पाण्यात सोडायचं असतं हो, पाण्यात!"

"अस्सं होय!"

त्यानंतर त्यानं कागदाची भिंगरी केली. खरोखर सुरेख केली. लाल कागद, काटेकोर घड्या, मधे बाभळीचा काटा, खाली ज्वारीच्या ताटाची दांडी. ठकूनं हात पुढं केला. गेनू म्हणाला, "थांब," आणि त्यानं भिंगरी बादलीत सोडली. दोघं बराच वेळ बादलीत बघत बसले. भिंगरीचा लगदा झाला आणि पाणी लाल झालं. ठकूनं ओठ काढला. गेनूनंही काढला.

"भिंगरी फिरते ती वाऱ्यानं!" हौसा ओरडली. तिच्या हातातलं खुरपं अजून खाली ठेवलेलं नव्हतं. "हातात घट्ट धरायचं आणि वाऱ्याच्या तोंडावर पळत सुटायचं! जेवढं जोरात पळाल तेवढी पोर हसेल."

बाजाराचा दिवस जवळ आला होता. हौसानं विचार केला, याला आता असं काहीतरी द्यावं की ज्यात घोळच होणार नाही. तिनं स्वतः वाटीत नीळ कालवली. स्वतः भेंडी मधोमध कापून ठेवली. "बघा," ती म्हणाली, "ही भेंडी निळीत बुडवायची. कागदावर ठसे उठवायचे. फुलासारखे उठतात. बाकी काही करायचं नाही."

एवढं सांगून ती गेली. गेनूनं भेंडी निळीत बुडवली. पण ठसे उठेनात, कारण त्यानं कागदाला हात लावलाच नव्हता. त्यानं एका हातात निळीची वाटी घट्ट धरली, दुसऱ्या हातानं ठकूला खांद्यावर घेतलं आणि तो वाऱ्याच्या तोंडावर पळत सुटला.

ठकू हसली मात्र भरपूर. गावातलं दुसरं कुणी हसलं नाही. सरपंचांचं पांढरं धोतर वाळत होतं, ते निळं झालं. शाळेची भिंत नुकतीच चुन्यानं रंगवली होती, तिच्यावर निळा पाऊस पडला. गुरवाची पांढरी शेळी निळी झाली, आणि तिचं करडू तिला ओळखेना. ते शेळीकडे बघून दोन पावलं मागं सरायचं आणि दुसऱ्याच दिशेला तोंड करून आईला हाक मारायचं. गुरव शेळीला धरून ओढ्यावर धूत बसला.

हौसा आता ओरडलीसुद्धा नाही. ती अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून बोलली. "हे बघा. एका जागी टेकवायचं. आणि मग वाळेपर्यंत जागचं हलू द्यायचं नाही. कळलं?"

"कळलं. वाळेपर्यंत हलायचं नाही."

बाजाराचा दिवस उजाडला. आई दुपारच्या गाडीनं येणार म्हणून हौसा लवकर सुटी घेऊन यायची होती, पण सकाळचं काम तर करायलाच हवं होतं. जाताना तिनं घरातलं पीठ, कागद, नीळ, कात्री सगळं पेटीत घातलं आणि कुलूप लावलं.

"आज काही म्हणजे काही बनवायचं नाही. नुसती लपाछपी खेळा. घरातल्या घरात. तुम्ही लपायचं, ठकूनं शोधायचं. झालं."

गेनू धान्याच्या रिकाम्या कणगीत शिरला आणि वरून झाकण ओढून घेतलं. आत गरम होत होतं. जरा वेळानं त्याला घाम फुटला. त्यानं गालाला हात लावून बघितला. ओला. म्हणजे अजून वाळलो नाही. म्हणजे हलायचं नाही. तो गप्प बसून राहिला, आणि जितका बसला तितका जास्त ओला झाला.

बाहेर ठकूनं बापाला वाटीखाली शोधलं. मग त्याच्या चपलेत शोधलं. "बाबा नाय," ती म्हणाली आणि पातेलं डोक्यावर घालून खेळत बसली.

तेवढ्यात सरूबाई आली.

"जावईबापू! अहो जावईबापू! पोरीला एकटं टाकून कुठं गेलात?"

गेनूनं ऐकलं. हाक ओळखीची होती. त्यानं गालाला हात लावला. ओला.

सरूबाईनं घर पालथं घातलं, परसात बघितलं, शेजारच्यांना बोलावलं. कणगीत कुणी बघितलं नाही, कारण मोठा माणूस कणगीत असेल असं मोठ्या माणसांना वाटत नाही. हौसाही रानातून धावत आली. तिनं ठकूला जवळ घेतलं.

"ठकू, बाबा कुठं गं?"

ठकूनं हातातला पेला बादलीत टाकला.

"बुडुक!" ती म्हणाली.

सरूबाईचा हात तोंडाशी गेला.

"विहीर!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळा गाव विहिरीकडे धावला. हौसा सगळ्यांच्या पुढं. सरूबाई ठकूला कडेवर घेऊन मागोमाग.

घर रिकामं झालं. दारं उघडीच राहिली होती. कणगीच्या फटीतून छान वारा आला. गेनू हळूहळू वाळला. त्यानं गाल बघितला, मान बघितली, पाठीला हात लावून बघितला, आणि मग झाकण सारून बाहेर आला. घरात चिटपाखरू नव्हतं. ओट्यावर शेजारची धुरपदा आजी डोळे पुशीत बसली होती. तिला माणसं नीट दिसत नसत.

"आजी, सगळी माणसं कुठं गेली?"

"विहिरीवर रे बाबा. गेनू बुडाला."

"गेनू? आपला गेनू?"

"हौसाचा नवरा. जरा खुळा होता, पण मनानं सोनं."

"अरेरे," गेनू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "अहो, लेक केवढीशी आहे त्याची! आता तिला कोण सांभाळणार?"

आणि तो जिवाच्या आकांतानं विहिरीकडे पळाला.

विहिरीभोवती ही गर्दी. सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. दोन माणसं गळ टाकून चाचपडत होती. हौसा काठावर बसून रडत होती, आणि सरूबाई तिच्याहून मोठ्यानं. "मी त्यांना उगाच बोलले गं. म्हशीचं नाव काढलं मी."

"सरका! सरका!" मागून कुणीतरी ओरडलं. गर्दी दुभंगली आणि एका माणसानं धाडकन विहिरीत उडी टाकली. गेनूला पोहायला उत्तम यायचं. त्यानं तळ गाठला, कपारी चाचपल्या, गाळ उपसला. वर येऊन दम घेतला आणि ओरडला, "खाली गेनू नाही!"

हौसानं आवाज ओळखला. ती काठावर पालथी झाली.

"अहो! गेनू तुम्हीच ना!"

गेनू पाण्यात विचार करत होता. त्यानं आपलं नाक चाचपलं. कान चाचपले. मिशी ओढून बघितली. मग विहीर दणाणून गेली.

"सापडला! सापडला गं! जिवंत आहे! दोर सोडा!"

दोर सोडला. गावानं त्याला ओढून वर घेतलं. हौसा रडत होती आणि हसत होती, आणि मधेच त्याच्या दंडावर चापट्या मारत होती. सरूबाईनं स्वतःच्या पदरानं त्याचं डोकं पुसलं. कडेवरची ठकू तर हसून हसून वेडी झाली होती. बापाकडे बोट दाखवून म्हणत होती, "बुडुक! बाबा बुडुक!"

सरूबाईनं नातीकडे बघितलं. मग भिजलेल्या जावयाकडे बघितलं. मग ठकूला त्याच्या मांडीवर ठेवलं.

"ठेवा तुमची पोर," ती म्हणाली. "माझ्या घरी असलं खेळणं नाही."

सगळे हसले. गेनू हसला नाही. तो विहिरीकडे बघत होता. त्याचा चेहरा पडला होता.

"आता काय झालं हो?" हौसानं विचारलं.

"गेनू वाचला, ते बरंच झालं," गेनू म्हणाला. "पण त्याला वाचवायला तो एक भला माणूस खाली उतरला होता, त्याला वर काढायचं कुणाच्या लक्षातच नाही!"

त्यानं ठकूला हौसाच्या ओटीत दिलं, आणि कुणी हात धरायच्या आत पुन्हा विहिरीत उडी टाकली.