हरिणी बोट दाखवत नाही

पूर्वी चंपानगरीत वसुमित्र नावाचा राजा राज्य करीत होता. तेव्हा बोधिसत्त्व, म्हणजे पूर्वजन्मीचा बुद्ध, नाचणाऱ्यांच्या कुळात सोमक या नावाने वाढला. हत्ती, नाग, नवरी, भिकारी, म्हणाल ते तो नाचून दाखवी. मागे मृदंगावर त्याचा मामा तुंडिल. म्हातारा तोंडाने फटकळ, पण हात सोन्याचा. त्या वर्षी मात्र त्याच्या बोटांत वात शिरला. सकाळी मूठ उघडायला हात गरम पाण्यात बुडवावा लागे. भाच्यापासून त्याने हे लपवले. आता वाजवता येत नाही असे सांगणे म्हणजे जिवंतपणी सरणावर चढणे, असे त्याला वाटे.

राजनर्तक निवडायचा दिवस आला. दरबारची एक रीत होती. ताल चुकला तर नर्तकाने थांबून वादकाकडे बोट दाखवायचे. मग नर्तकाला दोष लागत नसे. पण वादकाच्या मृदंगाचे कातडे भर सभेत फाडत आणि पुन्हा त्याला कुठेही वाजवू देत नसत. बोट दाखवले नाही, तर चूक नर्तकाची.

आधी चित्रक नावाचा नर्तक नाचला. खोटे कशाला बोला, त्याच्या नाचात खोड काढायला जागा नव्हती.

मग सोमक उठला. हत्ती झाला, नवरी झाला, शेवटी हरिणी झाला. झुडपात पाडस, मागावर पारधी. एक पाय उचलून हरिणी कानोसा घेते आहे, आता सम, तालाची मुख्य थाप, यायची, आणि तुंडिलाचा उजवा हात आखडला. थाप पडलीच नाही.

आता बोट येणार, तुंडिलाने ओळखले. यावेच. पोराने इतकी वर्षे हाडे झिजवली ती काय माझ्या या लाकूड झालेल्या बोटांसाठी?

बाजूने चित्रक कुजबुजला, "दाखव रे बोट. वेडा आहेस का?"

सोमकाचा पाय तसाच अधांतरी. मान वळली, बोट उठले नाही. पाडसाकडे बघावे तसा तो मामाकडे बघत राहिला. म्हाताऱ्याने हात मांडीवर घासला, दात आवळले आणि थाप दिली. तेव्हा कुठे पाय खाली आला.

राजाने विचारल्यावर सोमकाने लपवले नाही. सम चुकली, ती रीतीप्रमाणे माझ्या नावावर धरावी, म्हणाला. राजाला वाईट वाटले, पण रीत ती रीत. राजनर्तकाचा शेला चित्रकाला मिळाला.

वेशीबाहेर येताच तुंडिल भडकला. "गाढवा, एक बोट उचलायला जड झालं होतं? सगळं घालवलंस."

"मामा, मी तेव्हा हरिणी होतो," सोमक म्हणाला. "हरिणी कुठं बोट दाखवते?"

जन्मभर तुंडिलाने नाचणारे पाहिले होते. सोंगे सगळेच घेत. पण अंगावर सोंग असताना स्वतःचा फायदा विसरणारा एकही भेटला नव्हता.

"मग धर हा मृदंग, हरिणीबाई," तो म्हणाला. "माझे हात दुखतायत."

हे त्याने पहिल्यांदाच कबूल केले.

एवढे सांगून शास्ता बुद्ध समोर बसलेल्या भिक्खूंना म्हणाला, "तेव्हाचा चित्रक म्हणजे सोबत्यांच्या चुका मोजत बसणारा तुमच्यातला हा तरुण. तुंडिल म्हणजे भिक्षापात्र धरताना हात कापतो म्हणून लाजणारा तुमच्यातला हा म्हातारा. सोमक मीच होतो. दुसऱ्याचे दुखणे आपल्या अंगात उतरते, त्यालाच करुणा म्हणतात."