एइल्टने रोवलेले फावडे

जर्मनीच्या वायव्य टोकाला, पूर्व फ्रिसियात, समुद्रबांध दूरवर सरळ जातो. फक्त आमच्या ओल्डेरझील गावापाशी तो एका काळ्या तळ्याला वळसा घालतो. इथेच वाकडा का, असे पाहुणे विचारतात. तेव्हा गावातली जुनी माणसे हे सांगतात.

पूर्वी, म्हणे, ज्याचे शेत त्याचा बांधाचा तुकडा. ज्याला तो राखणे झेपेना, त्याने आपले फावडे बांधात रोवायचे आणि अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडायचे. फावडे जो उपटेल, शेत त्याचे आणि बांधही त्याचाच. कुणीच उपटले नाही, तर ते ओझे साऱ्या गावाच्या डोक्यावर.

हायो आणि एइल्ट हे दोघे भाऊ आईबापांविना वाढले. एका उन्हाळ्यात थोरला हायो हिवतापाने अंथरुणाला खिळला आणि बांधाची डागडुजी राहिली. शरद लागताच तो फावडे घेऊन निघाला. वाटेत शेजारी उबो भेटला, बापाचा जुना दोस्त.

"फावडं रोवतोस? उधाण आलं तर नुसती हाक मार. सारं गाव तुझ्या तुकड्यावर उभं करतो."

"काकांना तू हवायस म्हणून नाही," घरी एइल्ट म्हणाला, "त्यांना तुझं ओझं डोक्यावर नकोय."

हायो हसला. "तुला सगळेच चोर दिसतात. मागं बोक्यालाही चोर म्हणालास."

"तो चोरच होता."

हायो राहिला. मग वायव्येचा वारा सुटला आणि समुद्र बांधाच्या माथ्याला लागला. हायोने धाकट्याला उबोकडे पिटाळले. उबो आपल्या धडधाकट तुकड्यावर गवताची ढेपळे थापत होता.

"काका, चला. हायो हाक मारतोय."

"मग माझा बांध कुणी बघायचा?" उबो वर न बघता म्हणाला. "ज्याचा तुकडा, त्यानं राखावा."

एइल्ट परतला तेव्हा तुकडा नव्हता, हायोही नव्हता. भगदाडातून आत घुसलेले पाणी जमीन खोदत होते. तेच हे तळे. पाणी उबोच्या गोठ्यातही शिरले.

ओहोटीनंतर गाव जमले. रीतीप्रमाणे भगदाड बुजवणे आता एइल्टच्या माथी होते. चिखलात सापडलेले हायोचे फावडे त्याने सर्वांसमोर काठावर रोवले.

"उपटा, काका. शेत घ्या, खड्डा घ्या. आत माझा भाऊ आहे, तोही घ्या."

जमीन कसदार होती. उबोने हात पुढे केला, असे सांगतात, आणि तसाच मागे घेतला. दुसरे कुणी हललेसुद्धा नाही. एइल्ट निघून गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. तळे बुजेना, म्हणून अख्ख्या गावाला माती वाहून त्याभोवती बांध फिरवावा लागला.

आजही शरदात डागडुजी निघाली की प्रत्येक घर मातीची पहिली पाटी शेजाऱ्याच्या तुकड्यावर टाकते. उबोच्या घराण्यातले मात्र ती या वळणावर आणतात. त्यांना कुणी बोलावत नाही, आणि पाटी रिकामी होईपर्यंत त्यांच्याशी कुणी बोलतही नाही.